वजावट

आमच्या गावचे बुवा माझे शाळेपासूनचे सोबती. संस्कृत ते कीर्तनापुरते राखून ठेवतात, पारावर आमच्यासारखेच बोलतात. मी अमेरिकेहून आल्याचे कळल्यावर संध्याकाळी घरी आले, चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "कापायलाच ठेवलेल्या गाईंची बाळंतपणं करून आलास म्हणं. ते पुण्यात धरायचं का पापात?"

"बाळंतपणं मी नाही केली. उभा राहून बघत होतो."

"मग बघितल्याचं काय धरायचं ते सांग."

प्रश्न थट्टेचा नव्हता. माझ्या गळ्यात माळ आहे, आईने घातलेली. मांसाहार घरात नाही. आणि उभी नोकरी राज्याच्या पशुसंवर्धन खात्यात, त्यातली बरीचशी माण-खटावात गेली. रात्री-अपरात्री अडलेल्या गाई-म्हशी सोडवणे हा माझा धंदाच होता. तेव्हा मला कोणी पाप-पुण्य विचारले नाही. माणदेशातला मेंढपाळ आदल्या रात्री जन्मलेले कोकरू खांद्यावरच्या घोंगड्यात गुंडाळून दहा-दहा मैल चालतो आणि मोठे झाले की त्याचेच बकरे बाजारात नेतो. त्यालाही आम्ही कोणी कधी विचारले नाही. गाय आली की प्रश्न येतो. तरीही मी तो टाळणार नाही, कारण तिकडे असताना मी स्वतःलाच तो विचारत होतो.

माझी लेकही जनावरांची डॉक्टर. शिरवळच्या कॉलेजात शिकली, पुढे तिकडच्या परीक्षा दिल्या आणि नेब्रास्का राज्यात सँडहिल्स नावाच्या भागात नोकरीला लागली. नाव वाळूच्या टेकड्यांचे, पण वाळू दिसत नाही. सगळी गवताने बांधून ठेवली आहे, जवळजवळ पन्नास हजार चौरस किलोमीटर. नांगर घातला की वाळू उडू लागते, म्हणून पिके घेण्याचा नाद तिथल्या लोकांनी फार पूर्वी सोडला. गवत माणसाला पचत नाही, गाईला पचते. लेकीच्या हद्दीत चेरी नावाची काउंटी येते. मांसासाठीच्या गाई एवढ्या संख्येने अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही काउंटीत नाहीत. माणसे साडेपाच हजारांच्या आसपास, गाई लाखाच्या वर. तिथल्या माणसाचा पहिला युक्तिवाद भूगोलाचा असतो, आणि माणदेशात आयुष्य काढलेल्या माणसाला तो खोटा म्हणता येत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटाला वितीचा हंगाम चालू होतो. लेकीचे एका रँचवाल्या कुटुंबाशी घरोब्याचे संबंध. तिच्याबरोबर गेलो, ओळख झाली, आणि झोप न येण्याच्या वयात असल्यामुळे रात्रीच्या राखणीला सोबत म्हणून बसू लागलो. माझ्या व्हिसावर कामाला हात लावायची मुभा नाही. डोळ्यांना मात्र व्हिसा लागत नाही.

जुन्या गाई लांब कुरणात असतात, त्या आपापल्या वितात. राखण असते ती पहिलारूंची. शंभरएक काळ्या अँगस कालवडी घराजवळच्या वाड्यात आणून ठेवलेल्या, बाहेर शून्याखाली वीस, आणि दर दोन-अडीच तासांनी बॅटरी घेऊन त्यांच्यामधून एक फेरी. घाई करायची नाही, बोलायचे नाही, उजेड डोळ्यांवर मारायचा नाही. काय बघायचे ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. शेपटीच्या बुडाशी पडलेले खड्डे, चिकाने तटतटलेले सड, कळपातून बाजूला जाऊन उगाच जमीन हुंगणारी एखादी. कळा येत असताना गाय मागे वळून स्वतःच्या कुशीकडे बघते, ते बघणे म्हसवडला आणि नेब्रास्कात सारखेच.

सोबतीला मालकाची पुतणी होती. एकोणीस-वीस वर्षांची, कॉलेजातून सुट्टी घेऊन आलेली. दिवसा तिचे काका-काकू, रात्री ती. तिच्या कोटाच्या खिशात एक लाल वही असायची. आईचा नंबर, वासरू नर की मादी, वेळ, वजन किती वाटते, सगळे त्यात. नावे नाहीत. एकाच म्हाताऱ्या गाईला नाव होते, आणि ते तिच्या खोडसाळपणामुळे पडलेले.

ही माणसे रात्र कमी व्हावी म्हणून काय काय करतात ते ऐकण्यासारखे आहे. 1970 च्या दशकात कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या गस कोनेफाल नावाच्या पशुपालकाच्या लक्षात आले की गाभण गाईंना मुख्य चारा रात्री टाकला तर बरीचशी वासरे दिवसा जन्मतात. तेव्हापासून कित्येक जण अंधार पडल्यावर वैरण टाकतात. दुसरी पद्धत खुद्द सँडहिल्सच्याच नावाने ओळखली जाते. व्यायलेली गाय आणि तिचे वासरू आहे त्या कुरणात ठेवायचे आणि अजून न व्यायलेल्या गाई दर आठवडा-दहा दिवसांनी पुढच्या ताज्या कुरणात हलवायच्या. मोठ्या वासरांची घाण नव्या वासरांच्या तोंडी जात नाही, हगवण लागत नाही. नेब्रास्काच्या विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी ती रुजवली. मी लेकीला म्हणालो, हे माझ्या नोकरीत मला सुचले असते तर किती पारडी वाचली असती. ती म्हणाली, "आप्पा, तुमच्याकडे दुसरं कुरण कुठं होतं?"

या काळजीत पैसा आहे हे उघड आहे. मेलेल्या वासराचा भाव येत नाही. पण मार्च 2019 मध्ये जे झाले ते नुसत्या पैशाने समजत नाही. ऐन वितीच्या दिवसांत बर्फाचे वादळ आणि पूर एकदमच आले. 14 मार्चला निओब्रारा नदीवरचे स्पेन्सर धरण बर्फाच्या लाद्यांच्या माऱ्याने फुटले. राज्यात किती वासरे थंडीने आणि पुराने गेली त्याचा अंदाज बांधताना लोक आजही हात उडवतात. मालकाने त्या रात्रींचे मला फार सांगितले नाही. स्वयंपाकघराच्या फरशीवर सात-आठ वासरे होती आणि बायकोने केस वाळवायचे यंत्र चालवून चालवून जाळले, एवढेच म्हणाला. किती वाचली असे विचारल्यावर उठून गेला.

आता एक वीत जरा सावकाश सांगतो, कारण माझा सगळा विचार तिथे अडकला आहे.

पहाटे तीनच्या सुमाराची फेरी. एक पहिलारू कोपऱ्यात उभी, शेपूट वर, पण जोर करत नाही. पुतणी म्हणाली, मागच्या फेरीलाही अशीच होती. पाण्याची पिशवी दिसत नाही, खूर दिसत नाहीत. अशी गाय मला आवडत नाही. जी ओरडते, लोळते, तिचे निभावते. जी नुसती उभी राहते तिच्या आत काहीतरी वाटेला लागलेले नसते. तिला आत घेतले, पिंजऱ्यात उभी केली, पुतणीने हात साबणाच्या पाण्याने धुऊन आत घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "फक्त शेपटी लागते."

मालक लांबच्या कुरणात. लेक फोनवर, पण दीड तासाच्या अंतरावर, दुसऱ्या कोणाच्या गोठ्यात. फोन खांबाला टेकवून ठेवला. सांगायचे लेकीने आणि मी, करायचे पोरीने. वासरू उलटे, ढुंगण वाटेकडे, मागचे दोन्ही पाय पोटाखाली दुमडलेले. असे वासरू कितीही ओढले तरी येत नाही, कारण ओढायला काही नसतेच. आधी त्याला आत, पुढे लोटायचे. गाय बाहेर लोटते, आपण आत लोटायचे, आणि दोन कळांच्या मधे जी फट मिळते तेवढ्यात काम करायचे. मग एका मागच्या पायाचे ढोपर धरून वर आणि बाहेरच्या अंगाला ढकलायचे, दुसऱ्या हाताने खूर धरून आतल्या बाजूने आपल्याकडे वळवायचे. खूर पूर्ण तळहातात झाकलेला असला पाहिजे. उघडा राहिला तर त्याच्या टोकाने गर्भाशय फाटते आणि मग वासरूही गेले, गायही गेली.

पोरीचे हात लहान, ते बरे झाले. माझे हात त्या वाटेत मावले नसते. एक पाय आला. ती रडत होती, पण हात हलत नव्हता. दुसऱ्या पायाला वेळ लागला. दोन्ही पाय बाहेर दिसले तेव्हा तळवे वर होते, म्हणजे मागचे. साखळी घोट्याच्या वर एक फेरा, खाली एक फेरा, म्हणजे हाड मोडत नाही. आणि आता घाई. पाय आधी आलेल्या वासराची नाळ डोके आत असतानाच दबते. नाळ दबली की ते श्वास घेते, आणि आत हवा नसते, पाणी असते.

वासरू निघाले ते ओल्या पोत्यासारखे पडले. पोरीने नाकातोंडातला चिकटा काढला, मी न राहवून कडब्यासारखी एक जाड काडी उचलून तिच्या हातात दिली. तिने ती नाकपुडीत घातली. काही नाही. पुन्हा घातली. वासरू शिंकले, डोके झटकले. त्याला छातीवर बसवले, पाय दोन्ही बाजूंना. गाईला सोडले तशी ती वळली, क्षणभर जे पडले होते त्याला घाबरून मागे सरली, आणि मग चाटू लागली. घशातून तो खालच्या सुरातला घुमका आवाज, जो गाय एरवी कधी काढत नाही.

पोरीने हात पुसले, लाल वही काढली, मागची तंगडी उचलून बघितली आणि लिहिले: नर.

त्या दोन अक्षरांत त्याची कुंडली आली. थोडे दिवस झाल्यावर खच्ची. मे महिन्यात शेजारपाजारचे लोक घोड्यांवरून जमतील, डाग देतील, मग सगळे मिळून जेवतील. सहा-सात महिन्यांचा झाला की आईपासून तोडतील, आणि दोन-तीन दिवस आई आणि वासरे कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी हंबरत राहतील, की घरात टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. पुढे खुराक देऊन वाढवण्याचा गोठा, आणि दीड-पावणेदोन वर्षांचा झाला की कत्तलखाना. हे सगळे पोरीला माझ्यापेक्षा जास्त माहीत होते. तिने एक बाटली गरम पाण्यात ठेवली आणि म्हणाली, अर्ध्या तासात उठून प्याला नाही तर चीक पाजू.

बुवांचा प्रश्न इथे असा होतो: त्या पोरीचे रडणे खरे होते का?

तिथले लोक यावर जे बोलतात ते मी ऐकले आहे. मालक लूथरन पंथाचा, दर रविवारी चर्चला जाणारा. भल्या माणसाला आपल्या जनावराच्या जिवाची पर्वा असते असे त्याच्या धर्मग्रंथात आहे, आणि देवाने माणसाला प्राण्यांवर सत्ता दिली असेही आहे. त्याला दोन्ही एकदम मान्य आहेत. त्यांच्यात आणखी एक बोलणे रूढ आहे, की आमच्या जनावराच्या वाट्याला वाईट दिवस एकच येतो. बाकीचे सगळे दिवस गवत, ऊन आणि आई. तिसरा मुद्दा पुतणीने कॉलेजातून आणलेला: लोक मांस खात नसते तर हे वासरू जन्मालाच आले नसते. हा मुद्दा जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात लेस्ली स्टीफन यांनी डुकराच्या नावाने तो मांडला होता. त्याला हेन्री सॉल्ट यांनी उत्तर दिले. लंडनमध्ये शिकत असताना गांधीजींच्या हाती शाकाहारावरचे जे पुस्तक पडले त्याचे लेखक हेच सॉल्ट. त्यांचे म्हणणे असे की जो अजून नाहीच त्याच्यावर उपकार कसे करणार? उपकाराला आधी कोणीतरी असावे लागते. मला सॉल्ट पटतात. वासरू एकदा शिंकले की त्याच्यावर आपले जन्म देण्याचे ऋण दाखवून त्याचा जीव वसूल करता येत नाही. तसे असते तर सगळ्या आईबापांना मोकळे रान मिळाले असते.

मग हे लोक ढोंगी आहेत असे म्हणून मोकळे होता येईल. आमच्या गावात बऱ्याच जणांनी तसे म्हटलेही. त्यांच्यासाठी थोडे घरचे सांगतो.

वसुबारसेला आम्ही सवत्स धेनूची पूजा करतो. माझी बायको करायची, आता सून करते. गाईच्या कपाळाला कुंकू, वासराच्या गळ्यात झेंडूची माळ. ती पूजा मला प्रिय आहे, आणि जे सांगतो आहे ते तिची टर उडवायला नाही. पण संकरित गाईला गोऱ्हा झाला की दुधाच्या गावात त्याचे काय होते ते मी खात्याच्या नोकरीत पाहिलेले आहे. गाईची वार आईच्या रक्तातली रोगप्रतिकारशक्ती पोटातल्या वासराला पोचू देत नाही. ती मिळते फक्त चिकातून, आणि वासराचे आतडे ती शोषून घेते पहिल्या काही तासांत. सहा तासांनंतर शोषण झपाट्याने घटते, दिवसभरात दार बंद. आमच्याकडे तो चीक चुलीवर चढतो, वेलदोडा घालून. खरवस मलाही आवडतो, नाही म्हणत नाही. कालवड असेल तर तिला पोटभर पाजून मग खरवस. गोऱ्हा असेल तर तो गोठ्याच्या कडेला, आखूड दाव्याला. कोणी त्याला मारत नाही. आठवडाभरात तो आपला आपण मरतो. मी भांडलो, कधी ऐकले, कधी नाही. शेतकऱ्याचे म्हणणे असायचे, "साहेब, ह्याला वाढवून करू काय? औताला ट्रॅक्टर, आणि ह्याला वशिंड नाही." आता तर नर जन्मूच नये म्हणून वेगळ्या केलेल्या वीर्याच्या मात्रा सरकारच पुरवते. वैद्य म्हणून मी त्याच्या बाजूने आहे. भाविक म्हणून मला त्याचे हसू येते.

1976 च्या कायद्याने महाराष्ट्रात गाईची कत्तल बंद झाली. 2015 मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस अजून बाहेर आहे, यमाचे वाहन म्हणून असेल. कायदा बरा की वाईट हे मी इथे ठरवत नाही, पण सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक राहिले नाही हे डोळ्यांनी बघितले आहे. ज्याने बारा वर्षे शेत नांगरले त्याला रात्रीच दुसऱ्या गावच्या शिवेत सोडून यायचे, आणि पोळ्याला मातीचा बैल पुजायचा. गोशाळा आहेत, काही खरोखर जीव लावून चालवलेल्या. दुष्काळात छावण्या चालवणारी माणसेही मी पाहिली, त्यांच्या पाया पडावे अशी. पण हिशेब पुरा होत नाही.

माझ्या डोक्यात बसले ते इथे. प्राप्तिकराच्या विवरणात आपण वजावट घेतो ना, देणगी दिली म्हणून कर कमी, तसे आपण सगळेच धर्माच्या वहीत करू बघतो. रँचवाला म्हणतो, मी रात्र-रात्र जागलो, म्हणून तो एक दिवस वजा. आम्ही म्हणतो, आम्ही पूजा केली, गोमांसाला शिवलो नाही, म्हणून गोठ्याच्या कडेचा गोऱ्हा वजा. आणि टीकाकार उलट्या बाजूने तेच करतो: शेवटी कापतातच ना, मग पहाटे तीनचे ते रडणे वजा, ते खोटेच. मला या तिन्ही वजावटी नामंजूर आहेत. ते वासरू शिंकले हे पूर्ण चांगले झाले. त्यात पुढच्या पावणेदोन वर्षांनंतरच्या दिवसामुळे रुपयातला एक पैसाही कमी होत नाही. आणि तो दिवस जितका वाईट आहे तितका पूर्ण वाईट आहे. तीन वाजता कोणी जागे होते म्हणून तो कमी वाईट होत नाही.

बुवांनी यावर गीता काढली. कर्म करावे, फळाची आस धरू नये, मग फळ कत्तलखाना असो की गोशाळा, तुला काय? मला हा आधार घ्यायचा नाही. फळावर माझा हक्क नाही म्हणजे फळाची मला माहिती नाही असे होत नाही. नर असे लिहिताना त्या पोरीला माहिती होती.

त्यापेक्षा धर्मव्याधाची गोष्ट जवळची वाटते. महाभारताच्या वनपर्वातली. कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाच्या अंगावर झाडावरच्या बगळीने घाण केली, त्याने रागाने पाहिले आणि ती मरून पडली. पुढे भिक्षेला गेला तर एका घरच्या बाईने त्याला थांबवून ठेवले, आणि तो तापला तेव्हा म्हणाली, मी काही ती बगळी नव्हे. धर्म समजून घ्यायचा असेल तर मिथिलेला जा, तिथे एक व्याध आहे. तो गेला, तर व्याध मांसाच्या दुकानात बसलेला. कीर्तनात ही गोष्ट स्वधर्म सांगायला वापरतात: आपले काम आपण नेकीने करावे, कोणतेही काम हलके नाही. बुवांनीही माझ्यासमोर कैक वेळा अशीच सांगितली आहे. पण मूळ कथेत व्याध त्याच्याही पुढे बोलतो. आपण स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेले विकतो, स्वतः मांस खात नाही, एवढे सांगूनही तो आपला धंदा घोर आहे यात शंका नाही असे स्वतःच्या तोंडाने म्हणतो. आईबापांची सेवा तो जीव ओतून करतो, पण ती सेवा दाखवून दुकान पवित्र करून घेत नाही. शिवाय ब्राह्मणालाही सोडत नाही. नांगराखाली जमिनीतले किती जीव मरतात, धान्यातही जीव आहे, चालताना पायाखाली काय येते, सगळे मोजून दाखवतो. हा भाग कीर्तनात गाळतात, कारण तो ऐकल्यावर आरती करून घरी जाणे अवघड होते. बुवा यावर हसले आणि "पुढच्या सप्ताहात घेतो" म्हणाले. बघू.

गांधीजींचे वासरूही मला नेब्रास्कात वारंवार आठवले. 1928 मध्ये साबरमतीच्या आश्रमातले एक वासरू असह्य यातनेत होते, बरे होण्याची आशा नव्हती. गांधीजींच्या सांगण्यावरून डॉक्टरने सुई देऊन त्याला मारले. अहिंसेच्या आश्रमात गोवत्साची हत्या! पत्रांचा पाऊस पडला, त्यांतली काही फार कडवट. त्यांनी आपले म्हणणे छापून मांडले आणि माघार घेतली नाही. यातले मला महत्त्वाचे वाटते ते असे की अशी कृती अहिंसा ठरू शकते असे म्हणतानाही आपण वासराला मारले हे त्यांनी झाकले नाही. मी केले, विचार करून केले, अशी ती जबाबदारी. माझ्या बॅगेतही ती सुई असायची. वापरली की त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावायचो, पण माफी म्हणून नाही. लावायचो, एवढेच.

त्या रँचवाल्या कुटुंबात एक गोष्ट पाहिली तिला काय म्हणावे मला अजून ठरवता आलेले नाही. एका गाईचे वासरू मेले. दुसरीला जुळे झाले होते आणि दोघांना दूध पुरत नव्हते. मालकाने मेलेल्या वासराचे कातडे सोलले, पायांसाठी भोके पाडून जुळ्यांतल्या एकाला अंगरख्यासारखे घातले, दोरीने बांधले आणि त्या पुत्रहीन गाईपुढे सोडले. तिने शेपटीखाली हुंगले. आपलाच वास. प्यायला दिले. तीन-चार दिवसांनी कातडे कापून काढले तोवर तिने त्याला पत्करलेले होते. आमच्याकडेही मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवायची जुनी चाल होती. पण आमच्याकडे फसवणूक दुधासाठी. तिकडे फसवणुकीतून एका उपाशी जिवाला आई मिळाली आणि एका आईचे हंबरणे थांबले. आणि मालकाला एक वासरू जास्त मिळाले, हेही खरे. सोलताना त्याचा चेहरा मी बघत होतो. तो कसाई वाटत नव्हता आणि साधूही वाटत नव्हता. बोटे गारठली होती, ती मधूनमधून गाईच्या कुशीला लावून गरम करत होता.

ऑक्टोबरमध्ये लेकीचा फोन आला. तिकडे त्या दिवसांत सगळ्या गाईंची गर्भतपासणी होते. ज्या गाभण राहिल्या त्या हिवाळ्यात चारा खायला राहतात, ज्या रिकाम्या निघाल्या त्या विक्रीला. पहिल्या वितीला ज्यांना फार त्रास होतो त्यांना पुन्हा गर्भ राहायला वेळ लागतो, हे पुस्तकात आहे. ती पहाटे तीनची पहिलारू रिकामी निघाली. हात लेकीचाच होता.

"आप्पा, मी सांगायला एक मिनिट लावलं," ती म्हणाली. "परत तपासलं. मालक वही धरून उभे होते."

"मग?"

"रिकामी म्हणून सांगितलं. पुतणी म्हणाली, माझ्या पैशांनी घेते. काका म्हणाले, एकीला ठेवलं तर कुठल्या तोंडाने बाकीच्या पाठवू? त्यांचं भांडण झालं. मी गाडीत जाऊन बसले."

मी विचारले, "गाईची तब्येत कशी आहे?"

"चांगली आहे. वासरूही चांगलं झालंय, पाचशे पौंडांच्या वर."

"मग त्यांना म्हणावं, एकटी चढवू नका. कळपातली जनावरं एकटी घातली की बुजतात, पाय मोडून घेतात. दोघी-तिघी बरोबर द्या."

"ते मी सांगितलं. त्यांनी तसंच करायचं ठरवलंय, गुरुवारी." मग थोडे थांबून तिने विचारले, "फेब्रुवारीत येणार ना?"

मी म्हणालो, तिकीट काढ. आणि बुवांना विचारले, येता का? त्यांचा पासपोर्ट संपला आहे, पण अर्ज आणला आहे म्हणतात.